पक्षी नंतर, आधी लेबलं मागा

सप्टेंबर २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारनं इंडोनेशियाला २८,००० हून अधिक जीवाश्म परत करायचं ठरवलं. युजेन द्युबोआ या डच डॉक्टरानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं खणून काढलेला हा ठेवा आहे. ‘जावा मानव’ म्हणून जगभर ओळखली जाणारी कवटी त्यातलीच. त्याआधी २०२३ मध्ये जर्मनीनं एका डायनासोरचा जीवाश्म ब्राझीलला परत दिला होता. अशी बातमी आली की आपल्याकडेही प्रश्न निघतो: आपलं काय? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे सुमारे ८ कोटी नमुने आहेत. भारतातून गेलेल्या पक्ष्यांची कातडी, अंडी, फुलपाखरं, सापांच्या बरण्या त्यात आहेत. ते सगळं परत आणा, असं म्हणणारे लोक मला परके नाहीत. त्यांच्या रागाला आधार आहे. पण ज्या क्रमानं ही मागणी केली जाते तो क्रम मला चुकीचा वाटतो. पक्षी परत मागण्याआधी त्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या मागायला हव्यात. त्यांच्यासोबत नोंदवह्या, पत्रव्यवहार, छावणीतले हिशेब आणि पाठवणीच्या याद्याही. हे सगळं पूर्ण, वाचता येईल असं आणि कुणालाही फुकट पाहता येईल असं.

हा हट्ट का, हे समजायला एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकांची आपापसातली चढाओढ नीट पाहावी लागते. नमुने त्या चढाओढीतूनच गोळा झाले आणि नमुन्यांबद्दलची माहिती बिघडली तीही तिच्यातूनच.

पेटीत ठेवलेलं पक्ष्याचं कातडं एकटं फारसं काही सांगत नाही. रंग आणि मापं कळतात, तेवढंच. तो पक्षी कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर मारला, कुठल्या महिन्यात, कुणी, हे त्या चिठ्ठीवर असतं. ती नसेल तर कातडं शोभेची वस्तू होतं. ती खोटी असेल तर मात्र नमुना नसलेला परवडला, कारण खोटी चिठ्ठी पुढच्या माणसाला चुकीच्या रानात पाठवते.

हे सगळ्यात आधी ज्यांनी ठामपणे सांगितलं त्यांपैकी एक इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस. हा श्रीमंत घरातला हौशी माणूस नव्हता. १८४८ मध्ये तो हेन्री बेट्ससोबत ॲमेझॉनवर गेला तो नमुने विकून पोट भरण्यासाठी. लंडनमधला सॅम्युअल स्टीव्हन्स हा दलाल त्यांचे किडे आणि पक्षी विकायचा आणि त्या पैशावर पुढचा मुक्काम चालायचा. चार वर्षांनी परतताना ऑगस्ट १८५२ मध्ये वॉलेसचं जहाज भर समुद्रात जळालं आणि सोबतचा जवळजवळ सगळा संग्रह गेला. उघड्या होडीत दहा दिवस काढून वाचलेला हा माणूस त्याच डिसेंबरात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसमोर ॲमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचायला उभा राहिला. त्यात त्यानं तक्रार केली की संग्रहालयातल्या नमुन्यांवर ‘दक्षिण अमेरिका’, ‘ब्राझील’, ‘पेरू’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘ॲमेझॉन नदी’ लिहिलेलं सापडलं तरी नशीब म्हणायचं, पण नदीच्या उत्तरेला की दक्षिणेला हे सांगणारं काहीच नाही. आणि त्याचा मुद्दा तर नेमका तोच होता. मोठ्या नद्या माकडांच्या जातींच्या सीमा ठरवतात, एका काठावरची जात पलीकडे दिसत नाही. कुठल्या काठावरचं माकड आहे हे माहीत नसेल तर हा सिद्धांत मांडताच येत नाही.

लेबलं इतकी मोघम का राहिली? आळस होता, हे खरं. माणूस तापानं फणफणत असताना अक्षर नीट उमटत नाही, हेही खरं. पण बाजारही होता. दुर्मिळ वस्तूची किंमत ती दुर्मिळ असेपर्यंतच. नेमकी जागा जाहीर केली की पुढच्या जहाजानं प्रतिस्पर्धी दाखल होणार. मग ज्याचं पोट त्या जागेवर चालतं त्यानं ती का सांगावी?

खुद्द वॉलेसला प्रतिस्पर्ध्याची झळ कशी लागली ते पाहा. १८५८ मध्ये तो न्यू गिनीच्या किनाऱ्यावर डोरे इथं स्वर्गपक्ष्यांच्या मागावर होता. पाय सुजलेला, हालचाल बंद. अशात ‘एटना’ ही डच आगबोट तिथं येऊन थांबली. बोटीवरच्यांनाही पक्षी, किडे, शिंपले हवे होते आणि त्यांच्याकडे पैसा जास्त. तिदोरच्या राजपुत्राला पक्षी हवे होते ते वेगळेच. गावातले लोक साहजिकच आपला माल बोटीवर नेऊ लागले. वॉलेसच्या हाती फारसं काही लागलं नाही आणि त्यानं हे दुःख मोकळेपणानं लिहून ठेवलं. त्याच मुक्कामात त्याच्यासोबतचा जुमाअत नावाचा तरुण मदतनीस आजारानं मेला. वॉलेसच्या लिखाणात तो काही ओळींपुरता येतो. संग्रहालयातल्या कुठल्या कातड्यामागे त्याचे हात होते, हे कातड्यावर लिहिलेलं नाही.

प्राण्यांपेक्षा ऑर्किडच्या, म्हणजे आमरींच्या धंद्यात ही चढाओढ जास्त उघडी आणि जास्त निर्दय होती. तिथं ज्ञानाचं पांघरूणही नव्हतं. इंग्लंडमधल्या नर्सऱ्या आपापले संग्राहक कोलंबियापासून ब्रह्मदेशापर्यंत पाठवत, मालाचे लिलाव होत आणि जागा गुपित ठेवली जाई. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकानं १८९१ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात कोलंबियातल्या एका मोहिमेचा हिशेब दिला आहे: सुमारे दोन महिन्यांत १०,००० रोपं मिळवली आणि त्यासाठी सुमारे ४,००० झाडं तोडली. आमरी उंच फांद्यांवर वाढतात. चढून काढण्यापेक्षा झाड पाडणं सोपं. लिहिताना त्याला काही टोचलं असावं असं वाटत नाही.

आपल्या बाजूचं उदाहरण खासी टेकड्यांचं. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर १८५० मध्ये तिथं होता. निळी वांडा या आमरीची सात माणसांची ओझी भरून त्यानं लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवली, त्यातली फार थोडी जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थानं जागा पाहून घेण्यासाठी आपला माळी हूकरच्या सोबत दिला होता. त्यानं एका माणसाचं ओझं विलायतेला पाठवलं आणि खराब अवस्थेत पोचूनही ते ३०० पौंडांना विकलं गेलं. हूकर पुढे लिहितो की माझ्यासारख्या सोयी असलेला एखादा चलाख संग्राहक एका हंगामात खासी आमरींवर २,००० ते ३,००० पौंड सहज कमवील. तो शास्त्रज्ञ होता, दलाल नव्हता. पण सरकारी मोहिमेवरच्या शास्त्रज्ञानं छापील पुस्तकात असा हिशेब मांडला की पुढे काय होणार हे सांगायला नको. संग्राहकांच्या गर्दीनं रस्त्यालगतची झाडं ओरबाडली जात होती आणि तोडलेल्या फांद्यांचा, आमरींचा खच मैलोन्‌मैल पडलेला असे, हेही त्याच हूकरनं पत्रात लिहिलं आहे.

आणि ज्या जागा सांगितल्या गेल्या नाहीत त्यांचं काय झालं? १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये एक देखणी पादुका-आमरी फुलली. फेअरी नावाच्या गृहस्थाकडे फुलली म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. ती आली कुठून? ‘आसाम’. एवढंच. लागवडीतली रोपं हळूहळू मेली आणि रानातलं ठिकाण कुणालाच ठाऊक नाही. पुढे सँडर या बड्या नर्सरीवाल्यानं ती शोधणाऱ्याला १,००० पौंडांचं बक्षीस लावलं. ती पुन्हा हाती लागली ती १९०५ च्या सुमारास, भूतानच्या बाजूला. एका शब्दाच्या पत्त्यामुळे जवळजवळ अर्धं शतक वाया गेलं.

चढाओढीचं समर्थन करणारा एक युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो असा: ही माणसं एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी धावली म्हणूनच एवढ्या कमी काळात एवढे नमुने जमले. वॉलेसनं मलाया द्वीपसमूहातून १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत १,२५,६६० नमुने गोळा केले. स्पर्धा आणि बाजार नसता तर गरीब घरचा मुलगा तिथं पोचलाच नसता. हे मला मान्य आहे. पण वेग आला तो गोळा करण्याला. समजण्याला आला असं म्हणता येत नाही. उलट जिथं जिथं मोहापायी जागा लपली किंवा बदलली गेली तिथं समज मागे गेली, आणि ती किती मागे गेली याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. त्याआधी ॲलन ह्यूमबद्दल थोडं सांगायला हवं.

ह्यूमचं नाव मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असतं. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली बैठक भरली, तिच्या संस्थापकांपैकी एक. त्याच वर्षी या माणसानं आपला पक्षीसंग्रह ब्रिटिश म्युझियमला (त्याचा निसर्गविभाग म्हणजेच आजचं नॅचरल हिस्टरी म्युझियम) देऊन टाकला, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. सुमारे ६३,००० कातडी आणि १९,००० अंडी. जगातल्या सर्वांत मोठ्या खासगी पक्षीसंग्रहांपैकी तो एक होता. सिमल्याच्या जाखू टेकडीवरच्या घरात त्यानं तो उभा केला होता. देशभरातले अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर, चहामळेवाले त्याला कातडी पाठवत. १८७२ मध्ये त्यानं स्वतःचं नियतकालिक काढलं आणि नवी नावं त्यात छापू लागला. प्राणिशास्त्रात ज्यानं आधी नाव छापलं त्याचं नाव टिकतं. म्हणून लंडनमधल्या पंडितांशी त्याची स्पर्धा दिवसांची होती, कधी कधी आठवड्यांची. त्याच्या लिखाणात या स्पर्धेची धग जाणवते. इतरांच्या चुका तो फार तिखटपणे काढायचा.

तरीही ह्यूमबद्दल मला आदर आहे. त्याचं कारण त्यानं सोडलेल्या नोंदी. १८७४ मध्ये त्यानं संग्राहकांसाठी कातडी कशी सोलावी, जपावी याची पुस्तिकाच छापली. भारतातल्या सगळ्या पक्ष्यांवरचा मोठा ग्रंथ लिहायची त्याची तयारी पंचवीसएक वर्षं चालू होती. ती हस्तलिखितं हिवाळ्यात घर बंद असताना नोकरानं सिमल्याच्या बाजारात रद्दीच्या भावानं विकली. त्यानंतर त्याचं मन या विषयावरून उडालं आणि संग्रह लंडनला गेला. कातडी वाचली आणि कागद गेले. मी आज कागद मागतो आहे त्यामागे ही हळहळही आहे. ६३,००० पक्ष्यांमागचं जे ज्ञान त्या कागदांत होतं, ते आता कुठल्याही देशाला परत करता येणार नाही.

या ह्यूमनंच १८७३ मध्ये एका छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. आदल्या वर्षी आजच्या छत्तीसगडच्या भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला तो मिळाला होता, म्हणून शास्त्रीय नावात ब्लेविट बसला. पुढे व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशात एक मिळाला. आणि मग मुंबई इलाख्यातल्या मुलकी सेवेतला जेम्स डेव्हिडसन खानदेशात नेमणुकीवर आला. १८८० च्या दशकात शहादा-तळोद्याच्या बाजूला त्यानं हा पक्षी पुन्हा पुन्हा गोळा केला. जगात या पक्ष्याची सातच जुनी कातडी होती आणि त्यातली बहुतेक डेव्हिडसनची. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला.

नाही, एक नोंद होती. रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक कातडं होतं, त्यावर लिहिलेलं: तापीकाठचं मांडवी, गुजरात, १९१४. माइनर्टझहागेन साधा माणूस नव्हता. सुमारे २०,००० पक्ष्यांचा त्याचा संग्रह १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं मानानं स्वीकारला. १९३७ मध्ये सालिम अली त्याच्यासोबत अफगाणिस्तानात गेले होते. त्याच्या शब्दावर संशय कोण घेणार? त्यामुळे रानपिंगळ्याची शेवटची नोंद मांडवीची, १९१४ ची, असं पुस्तकांत लिहिलं गेलं आणि शोधणारे त्या खुणेवर विसंबून राहिले.

ते कातडं चोरलेलं होतं. डेव्हिडसननं गोळा केलेलाच एक पक्षी माइनर्टझहागेननं म्युझियमच्या पेटीतून उचलला, थोडा नव्यानं शिवला आणि त्यावर आपलं लेबल लावलं. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी हे उघड केलं. कातडं कसं सोललं आहे, टाके कसे आहेत, आत काय भरलं आहे, हे क्ष-किरणांत पाहिलं तेव्हा डेव्हिडसनच्या हाताची पद्धत ओळखू आली. नमुने चोरल्याच्या संशयावरून १९१९ मध्ये याच माणसाला म्युझियमच्या पक्षीविभागात बंदी घातली गेली होती. तरीही पुढची कित्येक वर्षं त्याच्या नोंदी खऱ्या मानल्या गेल्या. नंतरच्या तपासात त्याच्या संग्रहातल्या असंख्य पक्ष्यांची लेबलं खोटी निघाली.

मांडवीची नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले. आधी पूर्वेकडे, मग खानदेशात. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर. १८८४ पासून ११३ वर्षं.

एवढी वर्षं केवळ एका खोट्या लेबलामुळे गेली असं मी म्हणत नाही. सातपुड्यात नीट पाहायला कुणी गेलंच नाही, हेही मोठं कारण आहे. पण जे थोडे शोधायला निघाले त्यांना चुकीचा पत्ता मिळाला. आणि या मधल्या काळात तिथलं सागवान तुटलं, अतिक्रमणं झाली, धरणं आली. पक्षी कुठं आहे हेच ठाऊक नसेल तर त्याच्यासाठी रान राखा असं कुणाला सांगणार? माइनर्टझहागेन विसाव्या शतकातला, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण ज्या हव्यासानं तो वागला तो एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहांनीच घडवलेला होता. माझ्या पेटीत ते आहे जे तुझ्या पेटीत नाही, यावर ज्या जगात माणसाची प्रतिष्ठा ठरत होती, त्या जगातच तो वाढला होता.

आता लेबलावरची तिसरी गोष्ट, म्हणजे नाव. ‘गोळा केला’ या शब्दांपुढे ज्याचं नाव असतं त्यानं तो पक्षी पाहिलाही असेलच असं नाही. दौऱ्यावरच्या साहेबासोबत शिकारी असत, फासे लावणारे असत, कातडी सोलणारे असत. कुठल्या ओढ्यावर कुठला पक्षी कुठल्या वेळी पाण्याला येतो हे त्यांना ठाऊक असे. डेव्हिडसनला सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा कुणी दाखवला? भिल्ल, पावरा वाटाड्यांशिवाय तिथं एखादा मुलकी अधिकारी पुन्हा पुन्हा तोच पक्षी गाठू शकला असेल, हे मला पटत नाही. लेबलावर मात्र एकच नाव आहे.

वॉलेसनं निदान लिहून ठेवलं. सारावाकचा अली त्याच्याकडे आधी स्वयंपाकी म्हणून आला, मग नेमबाज झाला, मग सोलणारा, मग जवळजवळ भागीदार. ऑक्टोबर १८५८ मध्ये बाचान बेटावर अली एक पक्षी घेऊन आला आणि म्हणाला, पाहा साहेब, काय विलक्षण पक्षी आहे. छातीवर हिरवी ढाल, खांद्यांतून निघालेली लांब पांढरी पिसं. विज्ञानाला नवा असा तो स्वर्गपक्षी. लंडनमध्ये ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं ते वॉलेसचं. अलीचं नाव त्यात आलं नाही, पण वॉलेसनं हकिकत छापली म्हणून आज आपण हे सांगू शकतो. १९०७ मध्ये थॉमस बार्बर हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ तेर्नाते बेटावर गेला, तेव्हा एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, मी अली वॉलेस. त्यानं स्वतःच्या ओळखीसाठी ते नाव जन्मभर सांभाळलं होतं. हे वाचताना माझ्या पोटात तुटतं.

आपल्याकडे किती अली होते? नेपाळात ब्रायन हॉजसन या ब्रिटिश अधिकाऱ्यासाठी पक्षी-प्राण्यांची चित्रं काढणाऱ्या राज मानसिंगचं नाव टिकलं आहे. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती. तिथं १८४७ ते १८५० या काळात अलेक्झांडर गिब्सननं वनस्पतींची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहिलं नाही. चित्रं पाहिली की हा माणूस झाडाकडे किती लक्ष देऊन बघत होता हे दिसतं. गोव्याचा होता? वसईचा? कुठल्या तरी पगारपत्रकात, कुठल्या तरी चर्चच्या नोंदवहीत तो असू शकेल. शोधायचं तर कागद उघडे हवेत.

म्हणून माझी मागणी लेबलांची आहे. जैविक संपत्तीच्या वापरातला वाटा मूळ देशाला मिळावा म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय नागोया करार २०१० चा. त्याआधी गेलेल्या वस्तूंवर त्याचा हक्क चालत नाही आणि परतीच्या वाटाघाटी एकेका पेटीसाठी दशकभर चालू शकतात. शिवाय परत आलेलं कातडं दमट हवेत, कीड लागलेल्या कपाटात ठेवायचं असेल तर ते आणून काय साधलं? ज्या एका नमुन्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं, तो नमुना मात्र कधी ना कधी मायभूमीत यावा असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आपण तयार असायला हवं. पण लेबलाचं छायाचित्र उद्या सकाळी देता येतं. त्यासाठी संसदेचा ठराव लागत नाही. लंडनच्या संग्रहालयानं मोठ्या प्रमाणावर नमुने संगणकावर आणायला घेतले आहेत, पण एकूण साठ्यापुढे तो भाग अजून लहान आहे. शिवाय संगणकावर येतं ते बहुधा छापील यादीतलं नाव आणि ठिकाण. मूळ हस्ताक्षरातली चिठ्ठी आणि पाठीमागचा शेरा नेहमीच येत नाही. फसवणूक पकडली गेली ती मूळ वस्तू आणि मूळ अक्षर यांच्या तुलनेतून. भारत सरकारनं, आपल्या विद्यापीठांनी आणि संस्थांनी एकत्र येऊन ठराविक यादी द्यावी: ह्यूमचा संग्रह, डेव्हिडसनची कातडी, हॉजसनचे कागद. त्यांची प्रत्येक चिठ्ठी दोन्ही बाजूंनी हवी.

हे मागताना आपलं घर आधी झाडावं लागेल. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. म्हणजे या शास्त्रात आपण फक्त वाटाडे नव्हतो, संस्थापकही होतो. सोसायटीकडे आज लाखाहून अधिक नमुने आहेत. देशभरातली महाविद्यालयं आणि जिल्ह्यांची संग्रहालयं यांच्याकडे आणखी कितीतरी. त्यांतल्या कित्येक ठिकाणी लेबलं गळून पडली आहेत, शाई उडाली आहे. आपल्या कपाटातली चिठ्ठी वाचवली नाही तर लंडनकडे चिठ्ठी मागण्यात जोर राहणार नाही.

यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप चोरीचा आहे. जागा उघड केल्या की तस्कर येतील. खरंच येतील. आंध्रातल्या गुत्तीच्या निळ्या कोळ्याचं वर्णन १८९९ मध्ये रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून झालं. तो रानात पुन्हा सापडला २००१ मध्ये आणि त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या जागतिक बाजारात त्याला मागणी आली. हूकरच्या खासी टेकड्यांचा धडाही तोच आहे. म्हणून सगळी अक्षांश-रेखांश चव्हाट्यावर मांडा असं मी म्हणत नाही. धोक्यातल्या जातींची जागा तालुक्यापर्यंतच दाखवायची आणि अचूक ठिकाण संशोधकाला अर्ज केल्यावर द्यायचं, ही पद्धत आज वापरात आहे. प्रश्न गुपित ठेवायचं की नाही हा नाही. ते कुणी आणि कशासाठी ठेवायचं, हा आहे. एकोणिसाव्या शतकात गुपित ठेवलं ते विकणाऱ्यानं, दुसऱ्या विकणाऱ्यापासून. आता तो निर्णय तिथं राहणाऱ्या लोकांकडे जायला हवा. आपल्या २००२ च्या जैविक विविधता कायद्यानं गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आणल्या आहेत. अनेक ठिकाणी त्या कागदावर आहेत, नोंदवही सल्लागारानं शहरात बसून भरलेली आहे. तरी चौकट आहे. शहादा, तळोदा, अक्राणीतल्या ग्रामसभांना डेव्हिडसनच्या लेबलांच्या प्रती मिळाव्यात आणि रानपिंगळ्याची कुठली जागा जाहीर करायची हे त्यांनी ठरवावं. २०१४ मध्ये मुंबईजवळ तानसा अभयारण्यातही हा पक्षी सापडला. तिथल्या पाड्यांनाही हाच हक्क असावा.

नावांचं कामही याच वेळी सुरू करता येईल. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर नाहीसा झाला होता. तो जानेवारी १९८६ मध्ये आंध्रात पुन्हा मिळाला तो ऐतण्णा या स्थानिक शिकाऱ्यामुळे. त्याचं नाव सांगितलं जातं, पण तो अपवाद आहे. आजही आपल्या संशोधन-निबंधांत गावातला वाटाड्या, वनमजूर, रात्री टॉर्च धरणारा माणूस शेवटच्या आभाराच्या ओळीत ‘स्थानिकांनी मदत केली’ एवढ्यात संपतो. नव्या बेडकाचं, पालीचं वर्णन आधी छापण्याची शर्यत आजही तितकीच तीव्र आहे. नमुन्याच्या लेबलावर ‘दाखवणारा’ असा एक रकाना घालायला पैसा लागत नाही. विद्यापीठांनी आणि नियतकालिकांच्या संपादकांनी तो सक्तीचा करावा. त्यात पूर्ण नाव आणि गाव लिहावं आणि नोंदवहीची एक प्रत त्या गावाच्या समितीकडे जावी.